साताऱ्याची एक चूल

पुणे-बंगलोर रस्त्यावर साताऱ्याहून कराडकडे जाताना उंब्रज गाव लागते. तारळी नदी येथेच कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकाच्या मध्यास जे अकरा मारुती स्थापिले, त्यांपैकी एक या गावी आहे. चाफळ, माजगाव, शिंगणवाडी, मसूर, शहापूर ही इतर काही मारुतींची गावेही याच टापूत आहेत. त्या स्थापनेमागील धार्मिक हेतू कोणताही असो, गावोगावच्या पोरांनी मारुतीपुढे जोर काढावेत, अंगात बळ आणावे, हा व्यवहार मात्र त्या देवळांभोवती पिढ्यान्‌पिढ्या टिकला. तालीम ही गावाची. तिला ना सरकारी देणगी, ना हिशेबाची वही. परंतु तालमीत उतरण्यापूर्वी पोटात काही असावे लागते, आणि ज्याच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटत नाही त्याच्या मुलाला बलोपासनेचा उपदेश करणे फारसे उपयोगी नसते. कृष्णाकाठच्या मुलांच्या पोटाचा हा प्रश्न विसाव्या शतकात पुढे आला, तो वसतिगृहांच्या रूपाने.

वसतिगृहांची कथा कोल्हापुरास सुरू होते. शाहू छत्रपतींनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरिता एक वसतिगृह काढले. कल्पना उदार होती. खर्चही एकाच ठिकाणी, व्यवस्थाही एकच. परंतु थोड्याच काळात असे दिसून आले की नाव सर्वांचे असले तरी प्रत्यक्ष लाभ ब्राह्मण विद्यार्थ्यांच्या पदरी पडतो आणि इतरांना तेथे जागा मिळत नाही. दार सर्वांना उघडे ठेवले, तरी आत जाण्याची सवय व हिंमत ज्याला आधीपासून आहे तोच आत जातो. महाराजांनी यावर जो उपाय केला तो आजच्या काटकसरी कारभाऱ्यास उधळपट्टीचा वाटेल. त्यांनी एकाची अनेक वसतिगृहे केली. १९०१ साली मराठा व जैन बोर्डिंग, पुढे मुसलमान, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ अशा एकेका समाजाचे वसतिगृह निघत गेले, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. प्रत्येकाला वेगळी जागा, वेगळे उत्पन्न, वेगळे चालक. एका दरबाराने दहा ठिकाणी दहा भटारखाने चालवावेत ही गोष्ट हिशेबाच्या दृष्टीने वेडगळ खरी, पण तिच्यामुळेच ज्या समाजांतून एकही मुलगा शिकत नव्हता तेथून मुले शाळेत येऊ लागली.

या मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्‌घाटनाला कुंभोजचा एक जैन विद्यार्थी हजर राहिला. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करावे, असे जैन बोर्डिंगच्या चालकांनी फर्माविले. त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. अण्णासाहेब लठ्ठे हे त्या बोर्डिंगच्या व्यवस्थेतील प्रमुख गृहस्थ होते. या नावाशी आणखी एकदा गाठ पडणार आहे. या प्रसंगातून भाऊरावांनी जो धडा घेतला, तो महाराजांच्या धोरणाच्या थेट उलट होता. वेगळी वसतिगृहे मुलांना शाळेपर्यंत आणतात हे त्यांनी पाहिले होते, पण तीच वसतिगृहे मुलांना एकमेकांपासून कशी तोडतात हेही त्यांनी अंगावर सोसले होते.

पुढे काही वर्षे ते ओगल्यांच्या कंदिलांचे व किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून खेडोपाडी हिंडले. या भटकंतीत त्यांना जिल्ह्याची जी ओळख झाली ती कोणत्याही सरकारी पाहणीने झाली नसती. वारणाकाठी दुधगाव येथे १९१० च्या सुमारास सहकाऱ्यांसह विद्यार्थी आश्रमाचा प्रयोग त्यांनी केलाच होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले, आणि तेथे भाऊरावांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. मराठा, महार, जैन, मुसलमान अशी मुले एका पंक्तीला बसू लागली. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले.

ज्या शाहू महाराजांनी एकाची अनेक वसतिगृहे केली, त्यांचेच नाव अनेकांचे एक करणाऱ्या वसतिगृहाला मिळाले! यात विसंगती आहे असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः ती नाही. कोल्हापूरच्या १८९६ च्या वसतिगृहात आणि साताऱ्याच्या १९२४ च्या वसतिगृहात फरक होता तो प्रवेशाचा. कोल्हापुरास दार उघडे ठेवून विद्यार्थ्यांची वाट पाहिली गेली. साताऱ्यास भाऊराव स्वतः खेड्यांत जाऊन मुलगा उचलून आणीत, आणि तोही बहुधा सर्वांत वंचित घरातला. पहिल्या मुलांतला एक ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य समाजातील मुलगा होता, आणि त्याला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले होते. दुबळ्याची जागा अगोदर राखून मग चूल एक केली, म्हणून ती टिकली.

टिकली हे खरे, पण कशावर? धननीच्या बागेतील या वसतिगृहाचे उत्पन्न म्हणजे मिळेल तेथून आणलेले धान्य, थोडी देणगी आणि मुलांचे श्रम. मुलांनी शेतात राबावे, स्वयंपाक करावा, दळावे, इमारतीसाठी दगड-माती वाहावी, अशी रीत होती. पुढे तिलाच ‘कमवा आणि शिका’ हे नाव मिळाले. मुलांच्या शरीरस्वास्थ्याची काळजीही या रीतीतच सामावलेली होती. अंगमेहनत, पोटभर भाकरी आणि स्वच्छता याखेरीज वेगळा आरोग्यविभाग ठेवण्याची ऐपत संस्थेला नव्हती. कोठारातील पोते रिकामे होई तेव्हा भार पडे तो भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर. माहेरून चांगले सोने घेऊन आलेल्या या बाईंनी एकेक दागिना मुलांच्या जेवणासाठी मोडला, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ही हकीकत सातारा जिल्ह्यात घरोघर सांगितली जाते. १९३० साली लक्ष्मीबाई निवर्तल्या. संस्थेच्या जमाखर्चात त्यांच्या सोन्याची नोंद कोणत्या सदराखाली करावी, हा प्रश्न कोणत्याही हिशेबनिसाला सुटला नसता.

सरकारी तिजोरीचा संबंध मोठ्या प्रमाणावर आला तो १९३७ नंतर. त्या वर्षी मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे गेले. मंत्रिमंडळापुढे दोन संकल्प एकमेकांच्या आड येणारे होते. एक दारूबंदीचा, दुसरा शिक्षणप्रसाराचा. दारूवरील जकात हा इलाख्याच्या उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा होता. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आली, आणि ही तूट भरून काढण्यासाठी लठ्ठ्यांनी शहरातील घरांच्या उत्पन्नावर नवा कर बसविला. अशा ओढगस्तीत खेड्याखेड्यांतून सरकारी शाळा उघडणे अशक्य होते. म्हणून खाजगी संस्थांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना माफक अनुदान द्यावे, अशी ‘व्हॉलंटरी शाळां’ची योजना पुढे आली. काटकसरीतून जन्मलेल्या या योजनेचा लाभ घेण्यास साताऱ्याइतका तयार जिल्हा दुसरा नसावा. १९३५ सालीच भाऊरावांनी शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढून ठेवले होते. १९३८ पासून डोंगरकपारीच्या वाड्यावस्त्यांवर, जेथे मास्तर कधी गेला नव्हता तेथे, या शाळा उघडल्या गेल्या. पुढील दहाएक वर्षांत त्यांची संख्या साडेपाचशेंच्या वर गेली. ज्या विद्यार्थ्याला एका शुद्धिस्नानापायी बोर्डिंग सोडावे लागले, त्याच्या शाळांचे अनुदान त्याच बोर्डिंगच्या जुन्या चालकाच्या अर्थसंकल्पातून निघावे, ही इतिहासाची गंमत म्हणावी लागेल. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे शिक्षण मोफत आणि राहण्याची सोय संस्थेची. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले.

अनुदान आले म्हणजे सोय होते, आणि त्याबरोबर एक दोरीही गळ्यात येते. १९४८ साली ही दोरी आवळली गेली. गांधीजींच्या हत्येनंतर जिल्ह्यात जो जाळपोळीचा वणवा पेटला त्याच्या आगेमागे सरकार व भाऊराव यांचे संबंध बिघडले. भाऊराव सरकारवर जाहीर टीका करीत, आणि ती मवाळ शब्दांत नसे. सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले. तोवर संस्था एका चुलीची राहिली नव्हती. शाळा, वसतिगृहे, कॉलेज, शिक्षक, यांचा सारा संसार एकाच नावाखाली, एकाच खात्यावर चालत होता. साताऱ्याच्या ऐक्याचे जे वैभव तेच या घटकेला तिचे संकट ठरले. कोल्हापूरच्या पद्धतीत एका बोर्डिंगचे उत्पन्न बुडाले तर नऊ उरत. येथे मंत्रालयातील एका सहीने सर्वच कोठारांना कुलूप लागण्याची वेळ आली. अशा वेळी संस्था लोकवर्गणीकडे वळली. याच काळात गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. अनुदान बंद असता असा संकल्प सोडणे हे शहाणपणाचे की हट्टाचे, यावर दोन मते होऊ शकतात. हट्टाचा अंश त्यात बराच असावा. गाडगे महाराजांनी बाळासाहेब खेरांपाशी शब्द टाकला अशी आठवण सांगतात. अनुदान पुन्हा सुरू झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव वारले, तोवर संस्थेचा वटवृक्ष सातारा जिल्ह्याच्या सीमा ओलांडून गेला होता.

स्वतंत्र भारतात बालकांच्या पोषणाचा भार सरकारने हळूहळू स्वतःकडे घेतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, आणि पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी व शाळापूर्व शिक्षण हे सारे अंगणवाडीच्या एका खोलीत आले. पुढे किशोरवयीन मुलींची योजना, पोषण अभियान असे वेगवेगळे फाटे फुटत गेले. २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात बालविकास योजनेची तरतूद सुमारे अठरा हजार कोटींवरून सुमारे आठ हजार कोटींवर आली. वर्ष सरता सरता पुरवणी मागणीने ती वाढविण्यात आली खरी, पण राज्यांचा वाटा वाढला तो वाढलाच. २०२१ साली अंगणवाडी सेवा, पोषण अभियान व किशोरींची योजना ही सर्व एकत्र करून ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या एका नावाखाली आणण्यात आली. कागदपत्रे कमी होणे, एकाच मुलाची चार वह्यांत होणारी नोंद टळणे, हे त्याचे फायदे उघड आहेत. कोणत्या वयाच्या मुलांचा वाटा कोणाच्या वाट्यात विरून जातो, हे मात्र १८९६ च्या वसतिगृहाप्रमाणेच ताट मांडल्यावर कळते.

महाराष्ट्रात या एकत्रित योजनेचे काम ज्या बायका करतात त्यांना पगार नाही, मानधन आहे. आहार शिजविणे वा वाटणे, मुलांचे वजन घेणे, गरोदर स्त्रियांच्या घरी जाणे आणि त्या साऱ्याची नोंद मोबाइलवर भरणे, ही कामे अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्याकडे असतात. डिसेंबर २०२३ मध्ये मानधनवाढ व ग्रॅच्युइटी यांसाठी त्या राज्यभर संपावर गेल्या, आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत, जवळजवळ पन्नास दिवस, गावोगावच्या अंगणवाड्यांतील चुली थंड राहिल्या.