वेगवान बाह्य एसएसडी : जोडणी, केस आणि कुवेतचा उन्हाळा

कुवेतच्या फरवानिया प्रांतातील जलीब अल शुयूख ही विमानतळालगतची दाट वस्ती असून येथे भारतीय नोकरदार मोठ्या संख्येने राहतात. परदेशी राहणाऱ्या कुटुंबाची छायाचित्रे, प्रमाणपत्रे आणि कामाच्या फाइली अनेकदा एकाच बाह्य एसएसडीवर साठवलेल्या असतात. ती विकत घेताना वेष्टनावरील वेगाचा आकडा पाहिला जातो. उष्णतेचा विचार मात्र क्वचितच होतो.

जोडणीचे प्रकार

बाह्य ड्राइव्हचा वेग आतील एसएसडी, केसमधील ब्रिज चिप, केबल आणि संगणकाचे पोर्ट या चौघांपैकी सर्वांत मंद घटकावर ठरतो.

• साटा : कमाल ६ गिगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट.
• यूएसबी ३.२ जेन २ : १० गिगाबिट, सुमारे १,००० मेगाबाइट.
• यूएसबी ३.२ जेन २×२ : २० गिगाबिट, सुमारे २,००० मेगाबाइट. मॅक संगणकांत ही सोय नसल्याने तेथे वेग १० गिगाबिटवर येतो.
• थंडरबोल्ट ३, ४ आणि यूएसबी४ : ४० गिगाबिट, साधारण २,८०० मेगाबाइट, तर नव्या यूएसबी४ केसमध्ये ३,००० हून अधिक. थंडरबोल्ट ३ च्या काही जुन्या केस साध्या यूएसबी पोर्टवर चालत नाहीत.

शंभर गिगाबाइटचा संग्रह १० गिगाबिट जोडणीवर दोन मिनिटांच्या आत उतरतो. मोबाइलसोबत मिळणारी चार्जिंगची केबल बहुधा यूएसबी २.० चीच असते. ती वापरल्यास त्याच कामाला चाळीस मिनिटे लागतात.

केस आणि उष्णता

२१ जुलै २०१६ रोजी कुवेतमधील मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली असून जागतिक हवामान संघटनेने ती ग्राह्य धरली आहे. सामान्य एनव्हीएमई ड्राइव्हची कार्यमर्यादा साधारणतः ७० अंशांपर्यंत असते. सभोवतालची हवाच तापलेली असल्यास ती मर्यादा लवकर गाठली जाते आणि ड्राइव्ह स्वतःच्या बचावासाठी वेग उतरवते. म्हणून प्लास्टिकपेक्षा ॲल्युमिनियमची केस श्रेयस्कर. ड्राइव्ह आणि धातू यांच्यामध्ये थर्मल पॅड नीट बसलेला असावा, अन्यथा धातूचा उपयोग होत नाही. ४० गिगाबिटच्या केस अधिक तापतात. त्यांना पंखा किंवा रुंद पन्हळी असलेली बांधणी हवी.

बंद ड्राइव्हलाही उष्णता बाधते. फ्लॅश स्मृतीतील विद्युतभार कालांतराने गळतो आणि तापमान वाढले की गळतीही वाढते. जेडेक या मानक संस्थेच्या निकषानुसार, लेखनक्षमता संपलेल्या घरगुती वापराच्या ड्राइव्हने विजेविना ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवणे अपेक्षित आहे. नवी ड्राइव्ह याहून बराच काळ तग धरते. तरीही उन्हात उभ्या गाडीत किंवा वातानुकूलन बंद केलेल्या खोलीत ती सुट्टीभर ठेवणे इष्ट नाही.

निवड कशी करावी

प्रथम संगणकाचे पोर्ट तपासावे. छायाचित्रे आणि कागदपत्रांसाठी १० गिगाबिटची ॲल्युमिनियम केस पुरेशी ठरते. चित्रफितींचे संपादन थेट ड्राइव्हवरून करणाऱ्यांनाच ४० गिगाबिटचा खर्च सार्थ ठरतो. वाचलेल्या पैशांत दुसरी ड्राइव्ह घेऊन तिच्यावरील प्रत भारतातील घरी ठेवावी आणि दर भेटीत ती जोडून, तपासून अद्ययावत करावी.