एक वृत्त, अनेक भाषा

सुरतेचे नाव मराठी वाचकांस मुख्यतः दोन कारणांनी ठाऊक आहे : शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० सालच्या स्वाऱ्या, आणि १९०७ च्या डिसेंबरात तेथे दुभंगलेली राष्ट्रसभा. तिसरे कारण आम्ही सांगतो. तेथील महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया व तेलुगू अशा सात माध्यमांतून चालतात. अशा नगरात एकच वृत्त अनेक भाषिकांस कसे पोचवावे, हा प्रश्न केवळ पांडित्याचा राहत नाही.

प्रश्न जुनाच आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, तेव्हा इंग्रजी व मराठी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापून तो सोडविला. १८८१ साली निराळा मार्ग निघाला : मराठी ‘केसरी’ व इंग्रजी ‘मराठा’ ही दोन स्वतंत्र पत्रे. पुढे १९०७ साली माधवराव सप्रे यांनी नागपुरास ‘हिंदी केसरी’ सुरू केले.

भाषांतरावर किती भार पडू शकतो, हे सुरतेनंतर सातच महिन्यांत दिसले. जुलै १९०८ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्यांवर खटला चालला तो ‘केसरी’तील मराठी लेखांबद्दल, परंतु सात युरोपियन व दोन पारशी ज्यूरर विचार करीत होते तो इंग्रजी भाषांतरांवरून. लोकमान्यांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेऊन एकेका शब्दाचा अर्थ झगडून मांडला. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष; शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची झाली. केवळ भाषांतरामुळे निकाल फिरला, असे आम्ही म्हणत नाही. पण मूळ कोणते व अनुवाद कोणता, हे प्रत्येक लेखावर नमूद असले पाहिजे, एवढा बोध वकिलाने घ्यावाच.

आज नव्या मजकुराची वार्ता ‘फीड’ नामक योजनेने वाचकाच्या यंत्रावर आपोआप येते. ‘आरएसएस २.०’ या पद्धतीच्या मूळ नियमांत संपूर्ण प्रवाहास एकच भाषा नेमून देता येते. म्हणजे मार्ग ‘केसरी’-‘मराठा’चा, भाषा तितके प्रवाह. डिसेंबर २००५ मध्ये ठरलेल्या ‘ॲटम’ पद्धतीत मात्र प्रत्येक नोंदीस, नव्हे तिच्या शीर्षकासही, आपापली भाषा सांगता येते. हा ‘दर्पणा’चा मार्ग होय.

गुजराती निदान लिपीवरून ओळखू येते. मराठी व कोकणी या दोघी मात्र देवनागरीच नेसलेल्या. देवस्थानाच्या उत्सवाची सूचना कोकणीत असून तिच्यावर मराठीची खूण राहिली, तर मजकूर वाचून दाखविणारे यंत्र ती मराठी उच्चारांनी वाचील, आणि कोकणी शोधणाऱ्यास ती सापडणारच नाही. खूण करण्यास कष्ट अल्प. न केल्यास एका भगिनीचे नाव दुसरीच्या खाती जमा होते. आमच्यासारख्या द्विभाषिक समाजाने तरी हा हिशेब चोख ठेवावा.