वीजजाळ्यातील स्थानिक नियंत्रणाचा इतिहास

जेम्स वॉट यांनी 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर बसवलेला गव्हर्नर, म्हणजे वेग पाहून वाफेचा पुरवठा कमी-अधिक करणारा नियंत्रक, एकाच यंत्रापुरता होता, आणि अशा नियंत्रकांच्या स्थैर्याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1868 मध्ये मांडले. पुढे अनेक जनित्रे एकाच जाळ्यात जोडली गेल्यावर, प्रत्येकाने आपला वेग काटेकोरपणे अचल राखायचा ठरवल्यास नियंत्रक परस्परांविरुद्ध झगडतात आणि भाराची वाटणी बिघडते. म्हणून भार वाढेल तसा वेग किंचित उतरू देणारी ‘ड्रूप’ पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे वारंवारता, म्हणजे विद्युतप्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने, हाच सर्वांचा सामाईक संकेत ठरला आणि दूरच्या केंद्रांशी संपर्क न साधताही प्रत्येक जनित्र आपल्या क्षमतेनुसार भार उचलू लागले.

भारतात 30 आणि 31 जुलै 2012 रोजी जाळे कोसळल्यानंतर चौकशी समितीने जनित्रांच्या याच तत्काळ, स्थानिक प्रतिसादाची निकड अधोरेखित केली. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण विभाग उर्वरित जाळ्याशी समकालिक जोडला गेला, तेव्हा संपूर्ण देश एकाच वारंवारतेवर आला. जाळे जितके विशाल, तितकी त्यातील प्रत्येक लहान नियंत्रकाची जबाबदारी मोठी, हे तत्त्व त्यामुळे अधिकच महत्त्वाचे ठरले.