कुतुबमिनार : दोन लिप्यांतील वास्तुकर्तृत्व

दिल्लीच्या कुतुबमिनाराचा इतिहास बहुधा त्यावरील अरबी-फारसी लेखपट्ट्यांच्या आधारे मांडला जातो. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुत्बुद्दीन ऐबकाने त्याचा आरंभ केला. त्याचा जावई इल्तुत्मिश याने आणखी तीन मजले चढविले. घोरी परंपरेतील जामचा मनोरा विटांचा आहे. दिल्लीत तोच उत्तुंग, निमुळता आकार वालुकाश्मात उतरला. तळमजल्यावर कोनयुक्त आणि अर्धगोल पन्हळी आलटून-पालटून येतात, दुसऱ्या मजल्यावर केवळ अर्धगोल, तिसऱ्यावर केवळ कोनयुक्त. सज्जांखालचे पोळ्यासारखे कोरीव काम इस्लामी परंपरेचे; छिन्नी मात्र देवळे घडविणाऱ्यांच्या हाताची. शेजारच्या मशिदीच्या शिलालेखात सत्तावीस देवळांच्या सामग्रीचा उल्लेख आहे. तो विसरून या हाताचे कौतुक करता येत नाही.

या मिनारावर नागरी लेखही आहेत, आणि तुलनाकारांचे लक्ष त्यांच्याकडे पुरेसे गेलेले नाही. एका लेखात हा 'कीर्तिस्तंभ' आहे, दुसऱ्यात अलाउद्दीन सुलतानाचा 'विजयस्तंभ'. नवागत वास्तूला कारागिरांनी आपल्या कोशातील नावे दिली. हे भाषांतर म्हणावे की आत्मसात्करण, हा प्रश्न येथे केवळ शब्दांचा राहत नाही.

१३६८ मध्ये वीज पडून वरचा भाग भंगला. फिरोझशाह तुघलकाने तो दुरुस्त करताना संगमरवर वापरून दोन मजले उभारले; उंची आज सुमारे ७२.५ मीटर आहे. 'फुतूहात-ए-फिरोझशाही'त हे काम सुलतान प्रथमपुरुषी सांगतो : मिनार मुइझुद्दीनचा, दुरुस्ती आपली, आणि उंची पूर्वीपेक्षा अधिक. संवत १४२६ चा नागरी लेख त्याच राजाचे नाव आदराने घेतो. परंतु पुढे येतो विश्वकर्मा, आणि त्यामागून नाना, साल्हा, लोला, लक्ष्मण ही कारागिरांची नावे. त्यांचे पद 'सूत्रधार', म्हणजे मापाची दोरी धरणारा. मराठीत हाच शब्द रंगभूमीवर राहिला आणि झिजून 'सुतार' झाला. फारसी गद्यात कर्ता एकच. नागरी लेखात कर्तृत्व वाटले गेले आहे. या लेखाला सलोख्याचा दाखला मानणे भाबडेपणाचे ठरेल; आश्रयदात्याच्या भिंतीवर मजूर आपले नाव कोरतो, एवढेच त्यातून निश्चित होते.

१८०३ च्या भूकंपात शिखरावरची छत्री कोसळली. मेजर रॉबर्ट स्मिथने १८२८ मध्ये बसविलेली नवी छत्री विजोड ठरली व १८४८ मध्ये उतरविण्यात आली. ती आवारातील हिरवळीवर उभी आहे. लोक तिला आजही स्मिथच्याच नावाने ओळखतात.