एम्प्रेस मिलचा नफा आणि धोट्याचा विटाळ

कामगारांना नीट वागवले की कंपनीची भरभराट होते, हा धडा आज व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत परदेशी पुस्तकांतून शिकवला जातो. पारशिवनीच्या मुलांना त्यासाठी इतक्या दूर पाहण्याची गरज नाही. तो आपल्या नागपुरातच घडला. मात्र त्याचा दुसरा अर्धा भाग कोणी सांगत नाही.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळच होता, पण कामगार वारंवार गैरहजर राहत. मालकाने नुसत्या दंडावर भर न देता नियमित हजेरीला बक्षिसे दिली. १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी सुरू केला. सरकारचा अपघात भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ मध्ये! गिरणी भरभराटीस आली, भागधारकांना चांगला लाभांश मिळाला. हे दान नव्हते, हा चोख हिशेब होता.

आता दुसरी बाजू. कामगाराला काय द्यायचे, एवढेच मनुष्यबळ व्यवस्थापन नसते. कोणाला कोणत्या यंत्रावर उभे करायचे, हेही त्यातच येते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय? बॉबिन बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. जास्त मजुरी मात्र याच खात्यात होती.

गंमत पाहा. आपल्या विदर्भात जाडेभरडे कापड विणणे हा महारांचा जुना धंदा. खेड्यातला शेतकरी ते कापड अंगावर घालत असे, तेव्हा विटाळ होत नव्हता. मग गिरणीतल्या धाग्याला तो कुठून चिकटला? विटाळ धाग्याला नव्हता, पगाराला होता.

१९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाविरुद्ध एकजूट मागणारे पुढारी आपल्याच भावाला साच्यापासून दूर ठेवत होते. मालकांनाही ही फूट सोयीचीच होती. पुढे १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, कुवत आणि आवड न पाहता जन्मावरून काम लादले तर उद्योगाचीही हानी होते. म्हणजे जात हा केवळ अन्याय नाही, ते वाईट व्यवस्थापनही आहे. मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी मालकाच्या मर्जीवर विसंबून न राहता कायद्याचा मार्ग धरला. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ च्या दुरुस्तीने आली.

आज पारशिवनी तालुक्यात गोंडेगावची कोळसा खाण आहे, कन्हानचा औद्योगिक पट्टा आहे. आपली शिकलेली मुले बुटीबोरी, हिंगण्याला कामाला जातात. कंपन्यांच्या अहवालांत कल्याण योजनांची यादी असते. ती वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. कायम कोण आणि कंत्राटी कोण? निवड समितीत कोण बसतो? झाडू कोणाच्या हातात आहे? ही उत्तरे आडनावांसकट मागा. बक्षिसाचे घड्याळ मिळाले म्हणून यंत्रावरचा हक्क सोडायचा नसतो.

जय भीम!