बुर्जी : देशी बुद्धिबळाचे नियम आणि मोबाइलवरचा डाव

आज आपण बुद्धिबळाच्या नियमांविषयी बोलू. मोबाइलवर खेळणाऱ्या नातवाला आजोबा सांगतात, "अरे, बुर्जी झाली, डाव बरोबरीत!" नातू म्हणतो, "असा नियमच नाही." आता बघा, दोघंही खरं बोलताहेत. फक्त दोघांचे खेळ वेगळे आहेत.

आधी नावं पाहू. हत्ती, घोडा, राजा हे शब्द इथले. वजीर, प्यादं, शह, मात हे अरबी-फारसीतून आलेले. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या जालन्याला हे मिश्रण नवं नाही. मरे या इंग्रज इतिहासकाराने १९१३ च्या ग्रंथात हिंदुस्थानातल्या खेळाच्या हिंदुस्थानी, पारसी आणि रूमी अशा तीन पद्धती नोंदवल्या. म्हणजे 'देशी नियम' असा एकच एक साचा कधी नव्हता. गाव बदललं की नियम थोडा बदलायचा.

तरी मुख्य फरक सांगता येतात. देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला, शह बसण्याआधी, एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवं तेव्हा वजीर होत नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं, त्या मोहऱ्याचं रूप घेतं. आणि बुर्जी! प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला, की डाव बरोबरीत.

बुर्जीपाशी जरा थांबू या. आंतरराष्ट्रीय डावात समोरच्याचं सगळं मारून टाकलं तर आपलं काम सोपं होतं. देशी डावात ते करताच येत नाही. त्याच्याकडे काहीतरी शिल्लक ठेवून, त्याला लढता ठेवूनच मात द्यावी लागते. त्यातही प्यादेमात, म्हणजे प्याद्यानं दिलेली मात, मानाची. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर नियम खेळाला बाहेरून बांधत नाही, 'जिंकणं' म्हणजे काय हेच तो ठरवतो. बुर्जी काढली की जिंकण्याचा अर्थच बदलतो.

मग हे नियम गेले कुठे? १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर निघालं. त्याच्या शीर्षकातच डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचा उल्लेख आहे. पंजाबचे सुलतान खान देशी नियमांवर वाढले, नवे नियम शिकले आणि १९२९ मध्ये ब्रिटिश विजेते झाले. १९५५ मध्ये एलुरूच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपले रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. एक नियम झाला म्हणूनच हे शक्य झालं. ते नाकारून कसं चालेल?

पण एकीकरणाला दुसरा मार्ग असतो. चिनी माजोंगचंच उदाहरण घ्या. १९९८ मध्ये चीनने स्पर्धेसाठी अधिकृत नियम केले. तरी जपानची रीची पद्धत टिकली, आणि आज तिचे डिजिटल खेळ जगभर चालतात. बुद्धिबळाच्या लिचेस या मोफत संकेतस्थळावर अॅटॉमिक, क्रेझीहाऊस असे वेगळे प्रकार आहेत. देशी डाव मात्र त्या यादीत नाही. यंत्राला अडचण आहे म्हणावं, तर तसंही नाही. कंबोडियाच्या बुद्धिबळातही राजाची एकदाची घोडउडी आहे, आणि फेअरी-स्टॉकफिश हा संगणकी खेळाडू ती खेळतो.

म्हणजे उणीव आहे ती लिहिलेल्या नियमांची. पटावर बसताना आपली माणसं आधी विचारायची, "बुर्जी धरायची का?" हे ठरवणंही खेळाचाच भाग होतं. मोबाइल हा प्रश्न विचारत नाही. तेव्हा ऐकणाऱ्यांनी एवढं करावं : अंबड, भोकरदन, परतूर, घनसावंगी, जिथे कुठे जुना खेळाडू असेल, त्याला राजाची उडी, प्याद्याची बढती आणि बुर्जी, या तिन्हींचे नियम विचारून गावाच्या नावासह वहीत उतरवावेत. पुढे कुणी हा डाव मोबाइलवर आणायचा म्हटलं, तर त्याला त्या वहीचाच आधार लागेल.