घरातील वाय-फाय : दोष जोडणीचा की लहरींचा?

घरून काम करणाऱ्याची महत्त्वाची बैठक ऐन वेळी तुटली की दोष बहुधा इंटरनेट कंपनीच्या माथी मारला जातो. वास्तविक घरापर्यंत येणारी जोडणी आणि घरात पसरणारे वाय-फाय या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. बिघाड कशात आहे हे ठरवल्यावाचून केलेला उपाय अंदाजपंचेच ठरतो. नवा, महागडा राउटर घेणे हाही त्यातलाच प्रकार.

निवाडा करण्याचा मार्ग सोपा आहे. अडचण सुरू असतानाच लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजावा. केबलवरही वेग अपुरा असेल, तर तक्रार कंपनीकडे न्यावी. केबलवर सारे सुरळीत असेल, तर दोष लहरींचा.

लहरींचे मुख्य पट्टे दोन. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो. पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन : १, ६ आणि ११. बहुमजली इमारतीत शेजाऱ्यांचे राउटर त्यांतच दाटीवाटी करतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात लुडबुड करतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल अधिक आणि वेगही अधिक, मात्र भिंतींपुढे तो लवकर थकतो. अमेरिकेतील लाकडी सांगाड्याच्या घरात तो बऱ्यापैकी पार होतो. ब्रिटनमधील विटांच्या वा आखाती देशांतील काँक्रीटच्या भिंती त्याला अडवतात. अशा घरांत राउटर टीव्हीमागे किंवा कपाटात दडवणे म्हणजे स्वतःच अडथळा उभारणे होय. तो घराच्या मध्यभागी, उंचावर असावा.

विमानतळाजवळच्या घरांत आणखी एक गोम असते. ५ गिगाहर्ट्झमधील काही चॅनेल रडारही वापरतात, आणि रडारची चाहूल लागताच राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो. त्यामुळे जोडणी अकारण तुटल्यासारखी भासते. तेथे ३६ ते ४८ यांपैकी एखादा चॅनेल निवडून ठेवावा.

देश बदलणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झवर व्यवहारात ११ पर्यंतचेच चॅनेल वापरले जातात. भारतात आणि ब्रिटनमध्ये १२ व १३ देखील चालतात. परिणामी अमेरिकेत घेतलेल्या लॅपटॉपला लंडन किंवा पुण्याच्या घरातील १३ क्रमांकावरचे वाय-फाय दिसतच नाही, आणि शेजारी ठेवलेल्या फोनवर मात्र ते व्यवस्थित चालते. राउटरचा चॅनेल ११ किंवा त्याखाली आणला की प्रश्न मिटतो.

रोजच्या कामाच्या टेबलापर्यंत केबल नेता येत असेल, तर मात्र तीच न्यावी.